मुखशोभेची सुई

मराठवाड्यातील स्त्रीच्या मुखावर शोभेसाठी सुई चालविण्याचा मान पूर्वी गोंदणारणीचा असे. गावोगाव फिरून ती कपाळावर नि हनुवटीवर हिरवे ठिपके उमटवी, आणि त्याच मुखातील दात हिरडा व हिराकस यांच्या दातवणाने काळे करणे हेही सुवासिनीचे भूषण समजले जाई. दाढ ठणकू लागली म्हणजे मात्र वैदूकडे वा बाजारात चिमटा घेऊन बसलेल्या इसमाकडे धाव घ्यावी लागे. शोभा एकाकडे आणि वेदना दुसऱ्याकडे, ही ती जुनी वाटणी. आज नांदेड आणि लातूर येथील दंतवैद्य बोटॉक्स नि फिलर यांची सुई हाती घेऊ लागले आहेत, आणि ती वाटणी कशी मोडली याचा माग निजामी अमलापर्यंत जातो.

हे दोन्ही मुलूख तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात होते. त्या मोगलाईच्या राजधानीत वेदनाशमनाविषयी जे मोठे संशोधन झाले, त्याचा आपणांस विसर पडावा हे मला खेदाचे वाटते. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने हैदराबादेत १८८८ व १८८९ साली गुंगीच्या क्लोरोफॉर्मसंबंधी दोन कमिशने बसली. दुसऱ्यासाठी निजामाच्या खजिन्यातून खर्च करून लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाचारण करण्यात आले, आणि या औषधाने हृदयाच्या आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वासावर नजर ठेवली की भय नाही, असा निर्वाळा देण्यात आला. पुढील संशोधनात तो टिकला नाही. मोठ्या विद्वानांनी, सरकारी शिक्क्यानिशी आणि निःशंकपणे सांगितलेली ही गोष्ट होती.

सारा देह न गुंगविता केवळ एक भाग बधिर करण्याची युक्ती मात्र त्याआधीच निघाली होती: १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखविला, आणि लगोलग अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी तेच द्रव्य जबड्याच्या मज्जातंतूपाशी टोचले. अशा रीतीने दंतवैद्याच्या हाती चिमट्याआधी सुई आली. आणि मुखातील मज्जातंतूंचा ठाव घेणे हाच ज्याचा नित्यक्रम झाला, त्याला चेहऱ्याचे स्नायू नि धमन्या परक्या कशा राहतील?

कायद्याने मात्र त्याची हद्द आखली होती. दंतवैद्यांचा कायदा मार्च १९४८ मध्ये झाला, तेव्हा नांदेड आणि लातूर भारतात नव्हते. ते सप्टेंबरातील हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर आले. त्या कायद्याने मानवी दात नि जबडे यांवरील शस्त्रक्रिया व उपचार यांभोवती दंतवैद्यकाची व्याख्या बांधली, आणि पदवी नसली तरी पाच वर्षे याच धंद्यावर उदरनिर्वाह केलेल्यांना नोंदवहीच्या निराळ्या भागात सामावून घेतले. कालांतराने दोन्ही शहरांत दंतमहाविद्यालये निघाली.

बोटॉक्स ज्यापासून बनते ते बोट्युलिनम हे मुळात बिघडलेल्या अन्नातील विष; त्याचा जंतू १८९५ साली बेल्जियममध्ये एमील व्हान एर्मेंगेम यांना सापडला, सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी ते विष तिरळेपणावर योजले, आणि व्हँकुव्हरच्या कॅरथर्स दांपत्याने भुवयांमधील आठ्यांवर. झोपेत दात खाणे, जबड्याचा फुगलेला स्नायू, हसताना फार उघडी पडणारी हिरडी, अशा तक्रारींच्या वाटेने ते दंतवैद्याकडे पोचले, आणि उपचार कोठे संपतो नि शृंगार कोठे सुरू होतो हे सांगणे अवघड झाले. २०२२ साली भारतीय दंत परिषदेने मुख व जबड्याच्या शल्यविशारदांना चेहऱ्याच्या सौंदर्योपचारांची मुभा असल्याचे स्पष्ट केले. त्वचारोगतज्ज्ञांनी त्यास हरकत घेतली.

हरकत घेणाऱ्यांचे भय मला अनाठायी वाटत नाही, कारण त्वचेखाली भरावासाठी टोचलेला फिलर चुकून धमनीत गेला तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते, आणि अशा वेळी फिलर विरघळविणारे हायल्युरोनिडेज हाताशी असणे व ते कसे द्यावे हे ठाऊक असणे यावर सारे अवलंबून असते. तथापि दंतवैद्याला सरसकट मज्जाव करणेही मला न्याय्य वाटत नाही. शल्यविशारदाला दिलेली मुभा मात्र प्रत्येक पदवीधराची सनद ठरू नये. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला आहे. कोणत्या शिक्षणानंतर कोणती सुई चालवावी हे त्या आयोगाने निःसंदिग्ध लिहून द्यावे, आणि तसा दाखला नांदेड-लातूरच्या प्रत्येक दवाखान्यात रुग्णाला मराठीत वाचता येईल अशा ठिकाणी लावण्याची सक्ती करावी.