प्लेगची साल, खरी बातमी आणि मनाचा धीर



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा दोन पदार्थांच्या कृती लिहाव्यात असेच मनात आले होते. पण करोनाच्या दिवसांपासून एक गोष्ट माझ्या मनाला टोचते आहे. ती सांगावयाची तर आधी आपल्या पणज्यांच्या काळातली प्लेगची साथ सांगितली पाहिजे. म्हणून वाचनालयातून पुस्तके आणली, दुपारची झोप सोडून वाचली, आणि जे समजले ते आपणांपुढे ठेवते आहे. चुकले-माकले पदरात घ्यावे.

आमच्या आजेसासूबाई प्लेगच्या गोष्टी सांगत. त्यांनीही त्या आपल्या सासूबाईंकडून ऐकलेल्या. "घरात उंदीर पडला की चूल विझवायची, पोरेबाळे घ्यायची आणि रानात झोपडी घालून राहायचे," असे त्या म्हणत. लहानपणी मला तो अडाणीपणा वाटे. तो अडाणीपणा नव्हता, हे पुढे कळेलच.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा रोग ओळखला. काखेत, जांघेत गाठ यावी, सणसणून ताप भरावा आणि चार-सहा दिवसांत माणूस जावा, असा तो रोग. माणसे घरेदारे सोडून गावोगाव पळाली आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गेला.

रोगाच्या आधी भीती पोहोचत होती, आणि भीतीच्या पाठोपाठ अफवा. इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटे टांगून त्याच्या डोक्यातून तेल काढतात, त्याची मोमियाई करतात, असे लोक छातीठोकपणे सांगत. याच भयापोटी १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. म्हणजे जेथे औषधपाणी मिळायचे, तेथेच दगड पडले! आपण आज हसू, पण त्या माणसांना खरे काय ते त्यांच्या भाषेत, गोडीने समजावून सांगावयास कोण गेले होते?

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. (हाच कायदा १२३ वर्षांनी, २०२० साली, करोनात पुन्हा लागू झाला.) पुण्यात प्लेग कमिटीवर रँडसाहेब आले. गोरे शिपाई घरोघर शिरू लागले. देवघर नाही, माजघर नाही, कुठेही बुटांसह जात. गाठ आहे का हे पाहण्यासाठी बायकांनाही परक्या पुरुषांसमोर उभे करीत. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून उघड तक्रार केली. लोकमान्य टिळक पुणे सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेगचे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला, आणि 'केसरी'तून शिपायांच्या जुलमावर कोरडे ओढले. पुढे २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपणां सर्वांस ठाऊक आहेच.

पण या धामधुमीत मला सर्वांत जवळची वाटते ती सावित्रीबाई फुल्यांची गोष्ट. त्या वेळी त्यांचे वय ६६. जोतिरावांना जाऊन सहा वर्षे होऊन गेलेली. कोणी म्हटले नसते की आता या वयात काही करा. पण त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांच्याबरोबर त्यांनी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला, ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या लहान मुलाला गाठ आल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सगळीकडे मरण दिसत असताना त्यांचे मन खचले नाही, कारण हाताला काम होते आणि ते काम कोणासाठी आहे हे त्यांना ठाऊक होते, असे मला वाटते.

आता लशीची गोष्ट. वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक घाबरत. तेव्हा आगाखानांनी आपल्या अनुयायांच्या देखत स्वतः लस घेतली, तीही एकदाच नव्हे. ते पाहून त्यांच्या लोकांची भीती कमी झाली. शंभर हस्तपत्रके वाटून जे झाले नसते, ते आपल्या विश्वासातल्या एका माणसाच्या दंडाने केले. परळचे हाफकिन इन्स्टिट्यूट याच शास्त्रज्ञाच्या नावाचे.

आणि उंदीर? १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखविले की उंदरावरच्या पिसवांमार्फत हा रोग पसरतो. बाकीच्या शास्त्रज्ञांनी ते मान्य करावयास आणखी काही वर्षे गेली. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे येतात. म्हणजे 'उंदीर पडला की घर सोडा' हे आमच्या आजेसासूबाईंचे म्हणणे बरोबरच होते. ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी डोळे उघडे ठेवून ही गोष्ट हेरली होती. उलट मोमियाईची गोष्ट कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. बघितलेले आणि ऐकलेले यांत हा एवढा फरक.

आता माझी टोचणी. २०२१ च्या वसंतात आमच्या शेजारच्या मावशींनी मला विचारले, "अगं, लस घेऊ का? मला साखरेचा आजार आहे." मी मोबाईलवर आलेला एक निरोप वाचला होता. कोणी लिहिला, कशावरून लिहिला, काही पाहिले नाही. "थोडे थांबा मावशी, साखर असली तर बाधते म्हणतात," असे सांगून मोकळी झाले. मावशी माझ्या शब्दावर थांबल्या. महिन्याभरात त्यांना करोना झाला आणि सतरा दिवस त्या प्राणवायूवर होत्या. देवाची कृपा, त्या घरी आल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण खरे तर साखर असणाऱ्यांनी लस आधी घ्यावी असेच डॉक्टर सांगत होते, हे नंतर कळले तेव्हा मला दोन घास गोड लागले नाहीत. १८९६ च्या त्या जमावाला मी कोणत्या तोंडाने हसू? त्यांना तर वाचताही येत नव्हते.

त्यानंतर आपल्या मंडळाने केलेली गोष्ट आपणांस आठवत असेल. दाराशी फळा लावला. एकीने रोज सकाळी दवाखान्यात विचारून तेवढेच त्यावर लिहावयाचे, आणि बाकीच्यांनी निरोप पुढे न पाठवता फळा पाहावयाचा. दिवसभर बातम्या ऐकून छातीत धडधडणे त्यामुळे थांबले. दुपारी आपण मुखपट्ट्या शिवल्या, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचे डबे केले. हात कामात राहिले म्हणून मनही थाऱ्यावर राहिले.

साथी येतात आणि जातात. पुढच्या वेळी आपल्या मुली-सुनांना हे दिवस आठवावेत, म्हणून हे लिहून ठेवले. तो फळा अजून मंडळाच्या खोलीत आहे. त्यावर आता भिशीचे हिशेब लिहितो. तो मोडीत काढू नये, एवढीच माझी विनंती.