धुराची बिअर आणि नमुन्याचे माप

परदेशातल्या लहान ब्रुअरीत शिरलेला प्रवासी बहुधा एकच गोष्ट मागवतो. लाकडी फळीवर ओळीने मांडलेले चार-सहा छोटे ग्लास. प्रत्येकातून दोन घोट घ्यायचे, मनातल्या मनात गुण द्यायचे आणि पुढच्या ब्रुअरीकडे वळायचे. पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरींमुळे ही फळी आपल्यालाही आता नवी राहिलेली नाही. बिअरचा स्वभाव पहिल्या एक-दोन घोटांत कळतो, असे या पद्धतीचे गृहीत आहे. बव्हेरियाच्या उत्तर भागातल्या बाम्बेर्ग गावात ते साफ कोसळते. नमुन्याचे माप हा चव घेण्याच्या पद्धतीचाच भाग असतो, हे तिथल्या राउखबिअरवरून, म्हणजे धुरी दिलेल्या मॉल्टच्या बिअरवरून, जितके स्पष्ट कळते तितके क्वचितच दुसरीकडे कळेल.

आधी धूर येतो कुठून ते पाहू. बिअरसाठी जव भिजवून त्याला मोड आणतात आणि ठरावीक टप्प्यावर वाळवून ती वाढ थांबवतात; हाच मॉल्ट. आडव्या-तिडव्या पावसाच्या प्रदेशात उन्हावर विसंबून चालत नाही. दाणे विस्तवावर वाळवावे लागत आणि लाकडाचा धूर त्यांत मुरत असे. पुढे धूर बाहेरच्या बाहेर सोडून केवळ गरम हवेवर दाणे वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि बहुतेक युरोपाने धुराला निरोप दिला. बाम्बेर्गमधल्या दोन घरांनी मात्र तो सोडला नाही. श्लेंकेर्लाच्या वास्तूचा उल्लेख 1405 पासून सापडतो. श्पेत्सिआल ही ब्रुअरी 1536 ची. दोघेही आजही आपला मॉल्ट स्वतः, बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. ब्रुअरीने स्वतःचा मॉल्ट करणे ही गोष्टच आता दुर्मीळ आहे, त्यात हा तर धुरीचा.

लाकडातले लिग्निन जळताना तुटते आणि त्यातून ग्वायाकोल, सिरिंगोल यांसारखी फिनॉल-वर्गातली संयुगे निघतात. अत्यंत कमी प्रमाणातही नाकाला ती जाणवतात. श्लेंकेर्लाच्या ‘मेर्त्सेन’ या राउखबिअरचा पहिला घोट घेतलेला माणूस म्हणूनच हमखास धुरी दिलेल्या हॅमची आठवण काढतो. त्या क्षणी बिअर जवळजवळ नसतेच, नुसता धूर असतो. छोट्या ग्लासातून चव घेणारा नेमका इथे थांबतो आणि ‘विचित्र’ असा शेरा मारून मोकळा होतो.

थांबला नाही तर काय होते? एकच गंध सतत येत राहिला की घ्राणेंद्रिय त्याला प्रतिसाद देणे कमी करते. चुलीपाशी दिवसभर बसलेल्या बाईला स्वतःच्या पदराचा धूर जाणवत नाही, तसे. गंधाची ही सवय पडायला थोडा वेळ आणि थोडी मात्रा लागते. अर्धा लिटरचा मग संपत येईपर्यंत धूर मागे सरतो आणि त्याखालचा मॉल्ट वर येतो. भाजलेल्या पावाच्या कडेसारखा गोडवा आणि शेवटी हॉप्सचा कोरडा कडवटपणा, दोन्ही तेव्हा कळतात. म्हणजे पहिला घोट आणि विसावा घोट ही एकाच बिअरची दोन वेगवेगळी निरीक्षणे आहेत. फळीवरचा ग्लास त्यांतले पहिलेच नोंदवतो. दोन-तीन मग झाल्याशिवाय ही बिअर आवडत नाही, असे गावात सांगतात. ऐकायला हा गिऱ्हाइकाला बसवून ठेवण्याचा डाव वाटतो, पण त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे.

गंधाच्या याच सवयीमुळे क्रमालाही महत्त्व येते. श्लेंकेर्ला ‘हेलेस’ नावाची फिकी लागर बिअरही करते. तिच्यात धुरी दिलेला मॉल्ट मुळीच नसतो. पण ती त्याच तांब्याच्या भांड्यांत शिजते आणि राउखबिअरमध्ये वाढलेल्या यीस्टवर आंबते. तेवढ्याने तिला धुराची पुसट छटा येते. मेर्त्सेननंतर हेलेस प्यायली तर तिच्यात धूर सापडणे कठीण; नाकाने तोपर्यंत त्याची दखल घेणे सोडलेले असते. ताज्या नाकाने, सर्वांत आधी प्यायली तर तो स्पष्ट कळतो. श्पेत्सिआलची लागर या दोन्हींच्या मध्ये बसते, तिचा धूर सौम्य आहे. तेव्हा हेलेस, मग श्पेत्सिआल, मग मेर्त्सेन असा चढता क्रम योग्य. प्रवासी मात्र सगळ्यांत प्रसिद्ध बिअरपासून सुरुवात करतात आणि उरलेला दिवस वाया घालवतात.

वायूचाही विचार करायला हवा. गावातल्या मार्स ब्रॉय या ब्रुअरीची बिनधुराची ‘उंगेश्पुंडेट’ बिअर टाकीत पुरता दाब न धरता मुरवतात, त्यामुळे तिच्यात कार्बन डायऑक्साइड कमी राहतो. जिभेवर टोचणी कमी आणि मॉल्ट भरघोस लागतो. धुरानंतर तोंड पूर्ववत करायला मला पाण्यापेक्षा आणि पावापेक्षा हीच बरी वाटते, जरी शास्त्र पाण्याच्या बाजूने असेल.

आता या पद्धतीची मर्यादा. मेर्त्सेनमध्ये अल्कोहोल 5.1 टक्के असते. अर्ध्या लिटरमागे ते साधारण 20 ग्रॅम भरते, आणि तीन मगांचे 60. नाकाला सवय व्हायला मोठे माप हवे आणि ते माप वाढले की निरीक्षण करणारी बुद्धीच मंदावते. यातून फळी कधीच वाट काढू शकत नाही. वाट दिवस वाढवण्यात आहे. एका संध्याकाळी एकच ब्रुअरी, फार तर दोन मग, आणि सोबत जेवण. नाताळच्या सुमाराला श्लेंकेर्ला बीचऐवजी ओकच्या धुरावरच्या मॉल्टची ‘आइशे’ नावाची 8 टक्क्यांची बिअर काढते. धूर इथे जास्त मऊ असतो आणि बीचशी त्याची तुलना करण्याचा मोह कुणालाही होईल. पण तिच्या एका मगातच 30 ग्रॅमहून जास्त अल्कोहोल असते, तेव्हा त्या दिवशी मेर्त्सेनला रजा द्यावी आणि तुलना आदल्या दिवशीच्या टिपणाशी करावी.