सापडलेली वस्तू आणि कायदा

विजापूर रस्त्याच्या बाजूने वाढलेल्या जुळे सोलापुरात एखाद्याला रस्त्यावर पाकीट सापडले, तर त्याचे कर्तव्य ठरवणारे नियम या वसाहतीहून कितीतरी जुने आहेत. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 403 नुसार, परत करण्याच्या हेतूने वस्तू उचलणे हा गुन्हा नव्हता. मात्र मालकाचा वाजवी शोध न घेता ती स्वतःची मानणे गुन्हा होता. 1872 च्या भारतीय करार कायद्याने सापडलेली वस्तू नीट सांभाळण्याची जबाबदारी सापडणाऱ्यावर टाकली. मालकाच्या शोधाचा खर्च मिळेपर्यंत ती राखून ठेवण्याचा आणि जाहीर झालेल्या बक्षिसासाठी दावा करण्याचा हक्कही त्याला दिला.

1951 च्या मुंबई पोलीस कायद्याने बेवारस वस्तू ताब्यात घेण्याचे काम पोलिसांकडे सोपवले. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने कलम 403 आता कलम 314 झाले आहे.

हरवलेल्या मोबाइलसाठी 2023 पासून देशभर केंद्र सरकारची सीईआयआर व्यवस्था उपलब्ध आहे. पोलिसांकडील तक्रारीनंतर आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकावरून फोन बंद करता येतो व शोधता येतो. म्हणून हा क्रमांक प्रत्येकाने लिहून ठेवावा आणि सापडलेली वस्तू विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावी.