औषधास दाद न देणारा विषाणु : एका आक्षेपाचा इतिहास

जून २००१ मध्यें अमेरिकन सरकारच्या परदेशसाहाय्य खात्याचे तत्कालीन प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनीं एक मत जाहीरपणें मांडलें. आफ्रिकेंतील पुष्कळ लोकांनीं जन्मांत घड्याळ पाहिलेलें नाहीं, आणि एड्सचीं औषधें तर घड्याळाच्या ठोक्यावर घ्यावयाचीं. सबब तीं तेथें पाठविण्यांत अर्थ नाहीं, असा त्याचा मथितार्थ होता. याच मताला त्या काळचे कित्येक जाणते एक शास्त्रीय पुरवणी जोडीत. गरीब रोगी गोळ्या अर्धवट घेतील, अर्धवट औषधानें विषाणु मरणार नाहीं, उलट औषधास दादच न देणारा असा निपजेल, आणि मग तो साऱ्या जगास जाचेल, असें त्यांचें म्हणणें. आक्षेप दिसावयास मोठा सयुक्तिक. त्यांत परोपकाराचीही छटा आहे. पण असला विषाणु प्रथम कोठें निपजला व कोणत्या उपचारांतून, हें इतिहासास विचारावें म्हणजे निराळेंच उत्तर मिळतें.

या रोगाची पहिली चाहूल एका औषधाच्या मागणीवरूनच लागली. पेंटामिडीन हें मूळचें परोपजीवी जंतूंवरील औषध. आफ्रिकेंतील निद्रारोगावर तें चाले. आपल्याकडे बिहारांत, अँटिमनीच्या औषधांनीं हात टेकले असतां, काळ्या आजारावरही तें देत. अमेरिकेंत तें दुकानांत मिळत नसे. अटलांटा येथील सरकारी रोगनियंत्रण केंद्राकडून मागवावें लागे. १९८१ च्या आरंभींच्या महिन्यांत तेथील सँड्रा फोर्ड या कर्मचारी बाईंच्या लक्षांत आलें कीं, न्यूमोसिस्टिस नांवाच्या जंतूनें होणाऱ्या विरळा फुप्फुसदाहासाठीं याची मागणी एकाएकीं वाढली आहे, आणि ज्यांना तो रोग होण्याचें कांहींच कारण दिसत नाहीं अशा तरुणांसाठीं ती येत आहे. (या जंतूस तेव्हां प्राणिवर्गांत घालीत, तो बुरशीच्या जातीचा, हें मागाहून ठरलें.) ५ जून १९८१ रोजीं लॉस एंजेलिसमधील अशा पांच तरुणांची हकीकत प्रसिद्ध झाली. १९८३ मध्यें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत फ्रांस्वाज बारे-सिनूसी, ल्यूक माँतान्ये व त्यांचे सहकारी यांनीं तो विषाणु हुडकून काढला; त्यालाच पुढें एच्. आय्. व्ही. हें नांव पडलें.

हा विषाणु शरीराचे पहारेकरीच मारतो. मरण बहुधा मागाहून आंत शिरणाऱ्यांच्या हातून येतें. टॉक्सोप्लाझ्मा हा परोपजीवी जंतु १९०८ सालीं ट्यूनिस येथें एका उंदरासारख्या प्राण्यांत सांपडला. कोट्यवधि माणसांच्या शरीरांत तो जन्मभर निमूट पडून असतो. पहारा उठला कीं तो मेंदूंत जागा होतो. झटके येतात, अर्धें अंग लुळें पडतें, बोलणें अडखळतें. क्रिप्टोकॉकस नांवाची बुरशी मेंदूच्या आवरणास सूज आणते. पहिल्यावर पायरिमेथामीन व सल्फाडायझीन, दुसरीवर अँफोटेरिसिन, असे उपाय आहेत. परंतु विषाणूवरील औषध निकामी झालें कीं हे पाहुणे परततात. औषधास दाद न देण्याचा रोग्याच्या घरीं अर्थ हा असा असतो.

विषाणूवरील पहिलें औषध ए. झेड्. टी. हें १९६४ मध्यें जेरोम हॉर्विट्झ यांनीं डेट्रॉइट येथें कर्करोगासाठीं तयार केलें होतें. तेथें तें कुचकामी ठरून फळीवर पडलें. वीस वर्षांनंतर तें खालीं काढण्यांत आलें. २८२ रोग्यांवर प्रयोग झाला. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीं १९ दगावले, खरी घेणाऱ्यांपैकीं एकच. मार्च १९८७ मध्यें तें विकण्याची परवानगी मिळाली. वर्षाचा खर्च सुमारें दहा हजार डॉलर. औषध दर चार तासांनीं घ्यावयाचें, म्हणून रोगी रात्रीं गजराच्या डब्या उशाशीं ठेवून निजत. घड्याळांची वाण तेथें खास नव्हती. तरीही १९८९ मध्यें लार्डर, डार्बी व रिचमन यांनीं दाखवून दिलें कीं, हें औषध महिनोन्‌महिने घेणाऱ्यांच्या शरीरांतील विषाणु त्यास जुमानीनासा होत चालला आहे.

असें कां व्हावें, याचा उलगडा १९९५-९६ च्या सुमारास डेव्हिड हो, जॉर्ज शॉ वगैरे संशोधकांच्या कामानें झाला. रोग्याच्या शरीरांत रोज सुमारें एक हजार कोटि नवे विषाणु निपजतात, आणि त्यांची नक्कल करणारें यंत्र मोठें चुकार. एवढ्या चुकांतून एखादी चूक त्या एका औषधास चकविणारी निघतेच. तीन औषधें एकदम दिलीं तर तिन्ही चकविणाऱ्या चुका एकाच विषाणूंत जुळून येणें महाकठीण. आणि हा धडा वैद्यकास नवा होता काय? १९४८ मध्यें स्ट्रेप्टोमायसिन एकटें दिल्यानें क्षयाचे जंतु कांहीं महिन्यांतच निर्ढावतात असें दिसलें होतें, आणि लवकरच दुसरें औषध जोडीस देऊन तें थांबवितांही आलें होतें. १९८७ सालीं जोडीस द्यावयास दुसरें औषधच नव्हतें, ही सबब न्याय्य आहे. परंतु १९९१ पासून नवीं औषधें येऊं लागलीं, तीं पुष्कळ ठिकाणीं जुनें हरल्यावर, एकामागून एक दिलीं गेलीं. शत्रूस एकेक शिपाई पाठवून तरबेज करावें, तसला हा प्रकार. तीन औषधांचा मारा १९९६ मध्यें रूढ झाला, आणि १९९७ सालीं अमेरिकेंतील एड्सचे मृत्यु आदल्या सालापेक्षां ४७ टक्क्यांनीं उतरले.

राहिला किमतीचा प्रश्न. फेब्रुवारी २००१ मध्यें मुंबईच्या सिप्ला कंपनीचे यूसुफ हमीद यांनीं तीन औषधें वर्षाला ३५० डॉलरांत देण्याची तयारी दाखविली. पाश्चात्य कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या वर होता. आपल्या १९७० च्या कायद्यानें औषधाच्या कृतीस पेटंट मिळे, औषधास नव्हे. म्हणून निरनिराळ्या कंपन्यांचीं तिन्ही औषधें येथें एकाच गोळींत बसवितां आलीं. सकाळीं एक, संध्याकाळीं एक. तिन्ही एकत्र असल्यामुळें एखादेंच घेऊन बाकीचीं टाकण्याची सोयच उरली नाहीं! १ एप्रिल २००४ पासून हिंदुस्थान सरकारनें ही औषधयोजना मोफत सुरू केली. पहिल्या प्रांतांत महाराष्ट्र होता.

मग त्या आक्षेपाचें काय झालें? २००६ मध्यें अमेरिकन वैद्यकसंस्थेच्या नियतकालिकांत अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला हिशेब आला. औषध नीट घेणाऱ्यांचें प्रमाण आफ्रिकेंत ७७ टक्के, उत्तर अमेरिकेंत ५५. आफ्रिकेंत विषाणु निर्ढावलाच नाहीं, असें मात्र नव्हे. प्रसूतीच्या वेळीं बाळास वांचविण्यासाठीं आईस नेव्हिरापीनची एकच मात्रा देत. तें औषध रक्तांत कित्येक दिवस एकटें रेंगाळे. साठा संपून गोळ्या तुटल्या तरी तेंच घडे. सोबतची दोन औषधें लवकर निघून जात, हें मागें राही. २०१९ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें पाहिलेल्या १८ देशांपैकीं १२ देशांत, उपचार सुरू करणाऱ्या दर शंभर रोग्यांत दहांहून अधिकांचा विषाणु या वर्गास न जुमानणारा होता. त्याच वर्षीं संघटनेनें प्रथमोपचारासाठीं डोल्युटेग्राव्हिर पसंत केलें. त्यास चकविणें विषाणूस फार अवघड जातें.

जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेनें परदेशसाहाय्य एकाएकीं रोखलें. जीवरक्षक औषधांपुरती सूट कांहीं दिवसांत मिळाली, पण तोंवर आफ्रिकेंतील कित्येक दवाखान्यांस कुलपें लागलीं होतीं, आणि ठरल्या दिवशीं गोळ्या नेण्यास आलेले रोगी दारावरून परतले. नॅट्सिओस ज्याचे प्रमुख होते तें खातें १ जुलै २०२५ रोजीं बंद झालें.