यंत्र आलं, प्राध्यापकांच्या वेळेचं काय?

या मालिकेत आपण शिक्षणसंस्थांचा इतिहास बघत आहोत. आजचा विषय थोडा ताजा वाटेल : कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आणि विद्यापीठातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण. पण विषय दिसतो तितका ताजा नाही. त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो माहीत असला की आजच्या गोंगाटातलं बरंचसं ओळखीचं वाटायला लागतं.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. शाळेत शिकवायचं तर डी.एड. किंवा बी.एड. लागतं. कॉलेजात शिकवायला काय लागतं? एम.ए. किंवा एम.एस्सी., त्यावर नेट, सेट किंवा पीएच.डी. म्हणजे विषय किती येतो हे तपासलं जातं. तो शिकवता येतो का, हे कुणी विचारत नाही. ही काही आपलीच गंमत नाही. जगभरच्या विद्यापीठांनी पिढ्यानपिढ्या असंच मानलं की ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डने प्राध्यापकांसाठी सबॅटिकल रजा सुरू केली, तीसुद्धा मुख्यतः अभ्यास आणि संशोधनासाठी. प्राध्यापकाचा विकास म्हणजे त्याच्या विषयज्ञानाचा विकास, एवढाच त्याचा अर्थ होता.

हे समीकरण हललं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कॉलेजांत विद्यार्थ्यांची रीघ लागली. वर्ग मोठे झाले आणि शिकवणं कसं चाललंय हा प्रश्न टाळता येईना. १९६२ साली मिशिगन विद्यापीठाने अध्ययन-अध्यापनाच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र केंद्र काढलं. प्राध्यापकांना त्यांच्या शिकवण्यात मदत करणारं हे अमेरिकेतलं पहिलं विद्यापीठीय केंद्र मानलं जातं.

आता याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. ओहायोतले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकातच बहुपर्यायी प्रश्न विचारणारं आणि उत्तर लगेच तपासणारं यंत्र बनवलं होतं. तपासणीचं कंटाळवाणं काम यंत्राने करावं आणि शिक्षकाने खरं शिकवावं, हा त्यांचा हेतू. १९५० च्या दशकात हार्वर्डच्या बी. एफ. स्किनर यांनी आपलं अध्यापन-यंत्र मांडलं. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने ‘प्लेटो’ ही संगणकावर शिकवण्याची प्रणाली सुरू झाली. १९६६ मध्ये स्टॅनफर्डचे पॅट्रिक सुपिस यांनी तर भाकीत केलं, की काही वर्षांत लाखो मुलांना अ‍ॅरिस्टॉटलच्या तोडीचा खाजगी शिक्षक मिळेल, जसा अलेक्झांडरला मिळाला होता.

यंत्राने वेळ वाचेल हे वचन प्रत्येक वेळी दिलं गेलं. मग झालं काय?

झालं असं की यंत्राला धडा लागतो आणि धडा लिहायला माणूस लागतो. स्किनरच्या पद्धतीत विषयाचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर प्रश्न रचायचा आणि विद्यार्थी कुठे अडखळतो ते बघून पुन्हा लिहायचं. म्हणजे वर्गात तासाभरात सांगून होणारी गोष्ट यंत्रात बसवायला कितीतरी तासांची मेहनत. ‘प्लेटो’वाल्यांना हे लवकर कळलं. त्यांनी ‘ट्यूटर’ नावाची खास संगणकभाषा तयार केली, ती याचसाठी की प्रोग्रॅमर नसलेल्या शिक्षकालाही स्वतःचा धडा लिहिता यावा. ज्या विभागांतल्या शिक्षकांना त्यासाठी वेळ आणि सोबत मिळाली, तिथे उत्तम धडे तयार झाले. सुपिस यांचं भाकीत मात्र त्या ‘काही वर्षांत’ खरं झालं नाही.

आता आपल्याकडे येऊ. १५ ऑगस्ट १९८४ रोजी यूजीसीने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं. इन्सॅट उपग्रहाच्या मदतीने कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम दाखवायचे, ही कल्पना. त्यासाठी पुणे विद्यापीठासह काही ठिकाणी निर्मितिकेंद्रं उभी राहिली. कल्पना मोठी होती. पण कार्यक्रम बहुतांशी इंग्रजीत, प्रक्षेपणाची वेळ एक आणि कॉलेजचं वेळापत्रक दुसरंच. तालुक्याच्या गावातल्या प्राध्यापकाने त्या कार्यक्रमाचं आपल्या वर्गात नेमकं काय करायचं, ही बाजू कच्ची राहिली.

१९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि १९८७ पासून यूजीसीने अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. कॉलेजच्या शिक्षकालाही शिकवायला शिकावं लागतं, हे आपल्या व्यवस्थेने कागदावर मान्य केलं ते इथे. चार आठवड्यांचं ओरिएंटेशन, तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. २०१५ मध्ये त्यांचं नाव बदलून मानव संसाधन विकास केंद्र झालं. २०२३ पासून ती मालवीय मिशनखाली आली.

या योजनेत एक गोम होती. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर पदोन्नतीला जोडले गेले. त्यामुळे लोक आले, हे खरं. पण बरेचजण प्रमाणपत्रासाठी आले, हेही तितकंच खरं. शिवाय पदोन्नती कुणाला? तर कायम प्राध्यापकाला. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांचा गाडा आज तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे प्राध्यापक ओढतात. त्यांना घेतलेल्या तासाचेच पैसे. प्रशिक्षणाला गेलं की तास बुडाला आणि तास बुडाला की मानधन बुडालं. नियमात त्यांच्यासाठी दार किलकिलं असलं, तरी खिसा त्यांना आत जाऊ देत नाही.

ही पार्श्वभूमी घेऊन आपण ३० नोव्हेंबर २०२२ ला पोहोचतो. त्या दिवशी चॅटजीपीटी लोकांसमोर आलं. फरक काय पडला? आतापर्यंत धडा माणसाला लिहावा लागत होता; आता यंत्रच धडा, प्रश्नपत्रिका, टिपणं लिहून देतं, तेही मराठीत. म्हणजे जुनी अडचण सुटली असं वाटतं.

इथे एक उदाहरण आठवावं लागेल. २०१६ मध्ये जॉर्जिया टेकमध्ये अशोक गोएल यांनी आपल्या ऑनलाइन वर्गात ‘जिल वॉटसन’ नावाचा यंत्र-सहायक आणला. विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या शंकांना ती उत्तरं देई आणि समोर यंत्र आहे हे बहुतेकांच्या ध्यानातही आलं नाही. पण ती घडली कशातून? आधीच्या सत्रांत माणसांनी दिलेल्या हजारो उत्तरांतून. सुरुवातीची तिची उत्तरं चुकत होती. ती पडद्याआड तपासली गेली, सुधारली गेली आणि मगच विद्यार्थ्यांपुढे आली.

आजच्या साधनांतही तपासण्याचं हे काम तसंच उरलं आहे. यंत्र न घडलेली घटना सफाईने सांगतं, नसलेल्या पुस्तकाचा संदर्भ देतं. मराठी मजकूर इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने फार थोडा, त्यामुळे आपल्या भागाचा इतिहास, आपली परिभाषा यांत ते जास्त अडखळतं. चूक पकडायला विषय यावा लागतो आणि विद्यार्थी कुठे फसेल हे ओळखायला शिकवण्याचा सराव लागतो. युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी एआय-क्षमतांचा आराखडा काढला. त्यात साधनाच्या वापराबरोबर मानवकेंद्री दृष्टी, नीती आणि अध्यापनपद्धती यांना वेगळी जागा दिली आहे, ती याचमुळे.

मग आपण मागायचं काय? एका दिवसाची कार्यशाळा, शंभरजण हॉलमध्ये, पडद्यावर वेबसाइटची यादी, शेवटी प्रमाणपत्र आणि चहा? याने १९८७ ची चूक नव्या यंत्रासकट परत होईल. त्यापेक्षा एकाच विषयाचे चार-पाच प्राध्यापक सत्रभर दर पंधरवड्याला बसले, आपलीच प्रश्नपत्रिका यंत्राला दिली, उत्तरांतल्या चुका काढल्या आणि त्यावरून घरचा अभ्यास कसा बदलायचा हे ठरवलं, तर त्याला प्रशिक्षण म्हणता येईल. आणि या बैठकीचा तास सीएचबीच्या प्राध्यापकालाही मानधनात धरला गेला पाहिजे. नाहीतर ज्याच्या वर्गात सर्वाधिक मुलं बसतात तोच बाहेर राहील.

शंभर वर्षांत यंत्रं बदलली, वचन तेच राहिलं. ते जिथे थोडंफार पाळलं गेलं, तिथे कुणीतरी शिक्षकाच्या वेळेचे पैसे मोजले होते. तुमच्या कॉलेजात पुढच्या वेळी एखादं एआय साधन विकत घ्यायचं ठरेल, तेव्हा किंमत जरूर विचारा. पण त्याच बैठकीत हेही विचारा की ते शिकायला प्राध्यापकांना आठवड्यातले किती तास मिळणार आणि त्या तासांचे पैसे कोण देणार.

आता प्रश्न घेऊ या.