कोणाची पत्नी? : अमेरिकेचे प्रवेश-कायदे आणि चिनी विवाह (१८७५-१९९४)

१७ नोव्हेंबर १८८० रोजी पेकिंग येथे अमेरिका आणि चीन यांच्यात जो करार झाला, त्याच्या दुसऱ्या कलमात अमेरिकेत मुक्तपणे ये-जा करू शकणाऱ्या चिनी प्रजाजनांची यादी दिली आहे. शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी, जिज्ञासेपोटी प्रवास करणारे आणि त्या वेळी अमेरिकेत असलेले मजूर, असे वर्ग तीत आहेत. पहिल्या चार वर्गांतील लोकांबरोबर त्यांचे खासगी व घरगुती नोकर येऊ शकतील, असेही त्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. पत्नीचा उल्लेख मात्र कोठेही नाही. नोकरांची आठवण ठेवणाऱ्या मसुदाकारांना पत्नीची आठवण राहू नये, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु त्यांच्या दृष्टीने ती वेगळी मोजण्याची व्यक्तीच नव्हती. ती पतीमध्ये गृहीत धरलेली होती. हे गृहीत पुढे अनेक पिढ्यांना फार महाग पडले.

अमेरिकेतील चिनी बहिष्काराचा इतिहास बहुधा मजुरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. रेल्वेमार्ग, खाणी, पश्चिम किनाऱ्यावरील दंगली आणि १८८२ चा कायदा हे त्याचे ठरलेले टप्पे. प्रस्तुत लेखात तोच इतिहास विवाहाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तसे पाहू लागले की एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. बंदरात उतरलेल्या चिनी स्त्रीला 'तू कोण?' असा प्रश्न या कायद्यांनी क्वचितच विचारला. त्यांचा प्रश्न 'तू कोणाची?' असा होता, आणि उत्तर मिळाल्यावर त्याचा पुरावा मागितला जात असे.

आरंभ १८८२ च्याही आधी होतो. ३ मार्च १८७५ चा पेज कायदा कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी होरेस पेज यांच्या नावाने ओळखला जातो. वेश्याव्यवसायासाठी पौर्वात्य स्त्रियांना आणण्यास त्याने बंदी घातली. कायद्याचा शब्दार्थ मर्यादित होता. अंमलबजावणी मात्र तशी नव्हती. हाँगकाँग येथील अमेरिकी वाणिज्यदूताकडे जहाजावर चढण्यापूर्वीच स्त्रियांच्या चारित्र्याची चौकशी करण्याचे काम आले, आणि प्रत्येक चिनी स्त्रीकडे प्रथम संशयित म्हणून पाहिले जाऊ लागले. आपण विवाहित आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी स्त्रीवर येऊन पडली. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत १,०३,६२० चिनी पुरुष आणि अवघ्या ३,८६८ चिनी स्त्रिया नोंदल्या गेल्या. पत्नीला गावी सासू-सासऱ्यांच्या सेवेसाठी ठेवण्याची रूढी आणि प्रवासाचा खर्च हीही या विषमतेची कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि रूढी कालांतराने सैल होते. कायद्याने तिला तशी संधीच दिली नाही.

६ मे १८८२ च्या बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना दहा वर्षांसाठी प्रवेशबंदी केली. आधीपासून अमेरिकेत राहणारा मजूर प्रमाणपत्र घेऊन मायदेशी जाऊन परत येऊ शकत होता. पण तेथे त्याने लग्न केले तर? हा प्रश्न १८८४ साली कॅलिफोर्नियातील न्यायालयापुढे आला. असा एक मजूर चीनला जाऊन, विवाह करून, आह मॉय नावाच्या पत्नीसह परतला होता. त्याला उतरू देण्यात आले, तिला नाही. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांच्या मते मजुराची पत्नी ही विवाहामुळे मजूरवर्गातच मोडते. म्हणून तिच्याकडे स्वतःचे प्रमाणपत्र हवे. जी स्त्री पूर्वी कधी अमेरिकेत आलीच नव्हती, तिच्याकडे परतीचे प्रमाणपत्र असणार कोठून? पतीचा दर्जा तिला मिळाला, पण त्याबरोबरचा हक्क मिळाला नाही; वाट्याला आली ती फक्त बंदी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १८८५ साली ते निकाली काढण्यात आले, कारण तोपर्यंत तिला परत धाडण्यात आले होते आणि निर्णय देण्याजोगे काही उरलेच नव्हते.

पंधरा वर्षांनी हेच तर्कशास्त्र उलट्या बाजूने चालले. १९०० साली 'मिसेस ग्यू लिम' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, व्यापाऱ्याची पत्नी आणि अज्ञान मुले यांना स्वतंत्र प्रमाणपत्राची गरज नाही. पतीच्या हक्कातच त्यांचा प्रवेशाचा हक्क सामावलेला आहे. निकाल उदार आहे, यात शंका नाही. पण आह मॉयला ज्या तत्त्वाने परत पाठविले, त्याच तत्त्वाने ग्यू लिमला आत घेतले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दोघींपैकी एकीचाही स्वतःचा असा दर्जा नव्हता.

याचा व्यावहारिक परिणाम असा झाला की 'व्यापारी' हा शब्द अमूल्य ठरला. दुकानात भांडवल गुंतविलेले आहे, मागील वर्षभर अंगमेहनतीचे काम केलेले नाही, हे गोऱ्या साक्षीदारांकडून वदवून घ्यावे लागे. धोबीखाना किंवा खाणावळ चालविणाऱ्याला तो दर्जा सहसा मिळत नसे. १८९८ साली वाँग किम आर्क खटल्यात अमेरिकेत जन्मलेली चिनी व्यक्ती नागरिक ठरली आणि पत्नीला आणण्याचा दुसरा मार्ग खुला झाला. १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतरच्या आगीत शहराचे जन्मदाखले जळाले. मग येथेच जन्मल्याचा दावा खोडून काढणे सरकारला अवघड झाले आणि 'कागदी मुलगे' या नावाने ओळखली जाणारी पद्धत फोफावली. फसवणूक झाली हे खरे आहे, ती झाकण्याचे कारण नाही. परंतु तिची शिक्षा खऱ्या पती-पत्नींनाही भोगावी लागली.

ही शिक्षा कशी होती, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल आयलंडवर दिसते. १९१० ते १९४० या काळात तेथे आप्रवासन केंद्र होते. पती आणि पत्नी यांची जबानी स्वतंत्रपणे घेतली जाई आणि नंतर दोन्ही ताडून पाहिल्या जात. लग्नाला कोण हजर होते, घर रांगेत कितवे, दाराला पायऱ्या किती, तांदळाची कोठी कोणत्या भिंतीशी, विहीर किती अंतरावर, असे ते प्रश्न असत. वर्षानुवर्षे परदेशी राहिलेल्या पतीला घरात मागाहून झालेला बदल ठाऊक नसला, तर तो विवाहाविरुद्धचा पुरावा ठरू शके. त्यामुळे खरे बोलणारेही उत्तरांच्या वह्या पाठ करून येत आणि बंदर जवळ आले की त्या समुद्रात टाकून देत. संसाराची घोकंपट्टी केल्यावाचून संसार मिळू नये, अशी ही व्यवस्था होती. पुरुषांच्या बराकीतील लाकडी भिंतींवर कोरलेल्या चिनी कविता आज जतन करण्यात आल्या आहेत. स्त्रियांना ठेवले जाई ती जागा प्रशासकीय इमारतीत होती, आणि ती इमारत ऑगस्ट १९४० च्या आगीत भस्मसात झाली. त्यांनी भिंतींवर काही लिहिले असेल तर तेही तिच्याबरोबर गेले.

या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण दिवस २५ मे १९२५ हा मानावा लागेल. १९२४ च्या नव्या आप्रवासन कायद्याने 'नागरिकत्वास अपात्र' अशा परकीयांना प्रवेश बंद केला होता. या कायद्याखाली अडविल्या गेलेल्या चिनी पत्नींचे दोन खटले सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी निकालात काढले. चिउंग सम शी खटल्यात चिनी व्यापाऱ्यांच्या पत्नींना प्रवेश मिळाला, कारण व्यापाऱ्यांचा हक्क करारातून आला होता आणि नव्या कायद्याने करार मोडला आहे असे न्यायालयाला मानावयाचे नव्हते. चांग चान खटल्यातील पती अमेरिकेत जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक होते. त्यांच्या पत्नींना मात्र प्रवेश नाकारला गेला. नागरिकाच्या पाठीशी कोणताही करार नव्हता, केवळ कायदा होता, आणि अपात्र परकीयांच्या अपवादांत त्या कायद्याने नागरिकांच्या पत्नींना घातलेले नव्हते. दोन्ही निकाल न्यायमूर्ती मॅक्रेनॉल्ड्स यांनी लिहिले. शब्दार्थाच्या कसोटीवर त्यांत विसंगती दाखविणे कठीण आहे. परदेशी व्यापाऱ्याचा संसार थाटावा आणि स्वदेशी नागरिकाचा मोडावा, हा निष्कर्ष मात्र कोणत्याही व्यवहारी मनुष्याला चक्रावून टाकणारा आहे. तोपर्यंत वर्षाला सरासरी सुमारे दीडशे नागरिक-पत्नी येत असत. १९२४ नंतर ती वाट पूर्णपणे बंद झाली. चिनी-अमेरिकी नागरिकांच्या संघटनेने काँग्रेसपुढे चिकाटीने दाद मागितल्यावर १९३० च्या जूनमध्ये थोडी सवलत मिळाली, तीही २६ मे १९२४ पूर्वी विवाह झालेल्यांपुरती.

त्यानंतर लग्न झालेल्या स्त्रिया क्वांगतुंग प्रांतातील तैशानसारख्या परिसरात राहिल्या. अमेरिकेला तेथे 'सोन्याचा डोंगर' म्हणत आणि अशा पत्नींना 'सोन्याच्या डोंगरवाल्यांच्या बायका'. काही ठिकाणी वर परदेशी असताना त्याच्या जागी कोंबडा ठेवून विवाह लावल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. पैसे येत, घरे बांधली जात, पती दहा-बारा वर्षांतून एकदा येई. १९४१ अखेर पॅसिफिकमधील युद्धाने पैशाची वाटही तोडली आणि १९४३ च्या दुष्काळात या 'श्रीमंत' घरांवर उपासमारीची पाळी आली.

कायद्याचा वार उलट दिशेनेही होत असे. १९०७ च्या कायद्यानुसार परकीयाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री आपले नागरिकत्व गमावत असे. १९२२ च्या केबल कायद्याने हा नियम सैल केला, पण नागरिकत्वास अपात्र पुरुषाशी विवाह करणारीला वगळूनच. वॉशिंग्टन राज्यात जन्मलेली एक चिनी स्त्री चीनमध्ये विवाह करून, पती वारल्यावर १९२५ साली जन्मभूमीला परतू लागली, तेव्हा तिला परकी ठरविण्यात आले. भारतीय वाचकाला हे प्रकरण दूरचे वाटण्याचे कारण नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात भारतीयही अपात्र ठरले, आणि क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकी पत्नी मेरी यांचे नागरिकत्व त्या तडाख्यात गेले. कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकऱ्यांनी मायदेशाहून पत्नी आणता येत नसल्याने मेक्सिकन स्त्रियांशी संसार केले, ते याच काळात. अपात्राशी विवाहाचे कलम १९३१ मध्ये रद्द झाले.

डिसेंबर १९४३ मध्ये बहिष्काराचे कायदे मागे घेण्यात आले. चीन हा युद्धातील मित्रदेश होता, हे त्याचे मुख्य कारण. मात्र चिनी वंशाच्या लोकांचा वार्षिक कोटा १०५ ठरला आणि नागरिकांच्या चिनी पत्नींनाही त्यातच बसावे लागले. ९ ऑगस्ट १९४६ च्या कायद्याने त्यांना कोट्याबाहेर काढले. सैनिकांसाठीचा १९४५ चा 'युद्धवधू' कायदा १९४७ च्या दुरुस्तीने वंशभेदाविना लागू झाला, आणि हजारो चिनी स्त्रिया त्याखाली आल्या. त्यांना वधू म्हणणे हा कागदोपत्री प्रकार होता. अनेकींच्या लग्नाला दहा-पंधरा वर्षे होऊन गेली होती. सवलतीची मुदत डिसेंबर १९४८ ला संपणार असल्याने गर्दी उसळली आणि जुन्या पद्धतीची उलटतपासणी पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या स्थानबद्धता केंद्रात तीन महिन्यांहून अधिक काळ अडकून पडलेल्या एका पत्नीने गळफास घेतला. तिच्यासोबतच्या शंभरावर स्त्रियांनी अन्नत्याग केला. पती त्याच शहरात असताना त्या भिंतीआड होत्या.

१९५२ च्या कायद्यात 'पत्नी'च्या जागी 'पती वा पत्नी' असा शब्दप्रयोग आला. १९६५ च्या कायद्याने वंशाधारित कोटे संपविले. १९७९ साली दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध प्रस्थापित होऊन ग्वांगझौ येथे वाणिज्यदूतावास उघडला, आणि मुख्य भूमीवरील चिनी पती-पत्नींच्या मुलाखती तेथेच होऊ लागल्या. तैशान तेथून फार दूर नाही.

वंशाचा प्रश्न मागे पडला, पुराव्याचा राहिला. १९८५ साली आप्रवासन खात्याने काँग्रेसला सांगितले की, नागरिकांशी झालेले सुमारे ३० टक्के विवाह बनावट असावेत. या आकड्यामागील सर्वेक्षण शास्त्रीय कसोटीला उतरणारे नव्हते, हे पुढे न्यायालयात उघड झाले. पण तोवर १९८६ चा कायदा संमत झाला होता. विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसल्यास मिळणारा निवास सशर्त असतो आणि तो कायम करण्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. संयुक्त बँक-खाते, भाडेकरार, छायाचित्रे जोडावी लागतात. शंका आल्यास दोघांना वेगळे बसवून प्रश्न विचारले जातात. हा नियम आज सर्व देशांच्या लोकांना सारखाच लागू आहे, आणि अमेरिकेत संसार मांडणारी अनेक मराठी जोडपीही त्यातून गेलेली आहेत.

मात्र दोघांच्या सहीची अट म्हणजे नागरिक जोडीदाराच्या हाती दिलेले शस्त्र होते, हे लवकरच दिसून आले. मारहाण करणारा पती सही नाकारून पत्नीला देशाबाहेर घालविण्याची धमकी देऊ शकत होता. १९९० साली अशा स्त्रियांना संयुक्त अर्जातून सूट मिळाली. १९९४ च्या स्त्रीविरोधी हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने त्यांना पतीच्या संमतीवाचून स्वतःच्या नावाने मूळ अर्ज करण्याची मुभा दिली. आह मॉयला धक्क्यावरून परत पाठविल्याला तेव्हा ११० वर्षे झाली होती. या अर्जातही छळाच्या पुराव्याबरोबर अर्जदार स्त्रीने आपला विवाह खरा होता, हे दाखवावेच लागते.