कॅराव्हॅनच्या पुढे जुंपायची गाडी

मागच्या व्याख्यानानंतर एक श्रोते थांबून राहिले होते. त्यांचा मुलगा इंग्लंडात असतो. त्याने जुनी कॅराव्हॅन घेतली आहे, म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायची, झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली चाकांवरची खोली. सामान भरलं की तिचं वजन १५०० किलो होतं. आता ती ओढायला त्याला वापरलेली फोर-व्हील-ड्राइव्ह हवी आहे, आणि मागच्या सीटवर दोन नातवंडं बसणार आहेत. "तुम्ही वाहनांच्या इतिहासावर बोलता, तर एवढं सांगा, कोणती घ्यावी?" आम्ही काही मेकॅनिक नाही. पण घरी जाताना लक्षात आलं की या प्रश्नाचं निम्मं उत्तर इतिहासातच पडलेलं आहे. म्हणून आज तोच विषय घेतो.

सुरुवात घोड्यांपासून करू या. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारात नोकरी केलेले स्कॉटिश डॉक्टर. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून 'वाँडरर' नावाचं फिरतं घर बांधून घेतलं. अठरा फूट लांब, महोगनी लाकडाचं, वजन सुमारे दोन टन, आणि ओढायला दोन घोडे. त्यात बसून ते ट्वायफर्डहून थेट इन्व्हर्नेसपर्यंत गेले. निव्वळ हौसेखातर कॅराव्हॅन घेऊन हिंडायचं, ही ब्रिटनमधली प्रथा साधारण तिथून धरतात. १९०७ साली या हौशी लोकांचा कॅराव्हॅन क्लबही निघाला.

आता दोन टनांचं घर मागे असताना अवघड काय, चढ की उतार? बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे विचारावं लागत नाही. चढावर बैल थांबतील, फार तर मागे सरकतील. उतारावर मात्र गाडी बैलांच्या अंगावर येते. आणि ओझं मागच्या बाजूला जास्त भरलं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा ताबा सुटतो. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, कारण मोटार आली तरी त्यांतलं काही बदललं नाही.

मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन विक्रीसाठी बनवायला बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने १९१९ साली सुरुवात केली. तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षं ओढणारी गाडी कोणती, तर घरात असेल ती. साधी कौटुंबिक सलून. त्यामुळे कॅराव्हॅन बनवणाऱ्यांनाच वजन आवरावं लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम आल्पर यांच्या 'स्प्राइट' कॅराव्हॅन खपल्या त्या स्वस्त आणि हलक्या होत्या म्हणून. म्हणजे आधी गाडी, मग तिला झेपेल अशी कॅराव्हॅन. हा क्रम पुढे उलटा झाला, आणि आमच्या श्रोत्यांच्या मुलानेही तो उलटाच केला आहे.

तो उलटला कसा? १९४७च्या सुमारास रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर युद्धातून उरलेली विलिस जीप वापरत होते. (त्याच सुमारास आपल्या मुंबईत महिंद्रांनी याच विलिस जीपची जुळणी सुरू केली. एका जीपची दोन घराणी, असं म्हणायला हरकत नाही.) ती जीप बिघडली तर घ्यायचं काय, या अडचणीतून लँड रोव्हर निघाली आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. पोलादाची टंचाई होती, म्हणून अंग ॲल्युमिनियमचं. इंजिन १.६ लिटरचं, ताकद सुमारे ५० अश्वशक्ती. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जेमतेम ८० इंच आणि वजन साधारण १२०० किलो.

शेतकऱ्यासाठी ती सोन्यासारखी होती. भरलेला ट्रेलर चिखलातून ओढून काढी. पण चिखलातून ट्रेलर काढणं वेगळं आणि हमरस्त्यावर ताशी पन्नास मैलांनी कॅराव्हॅन नेणं वेगळं. शेजारून मोठा ट्रक जातो, हवेचा लोट येतो, कॅराव्हॅन डावी-उजवी झुलायला लागते. इंग्रज लोक याला सापाच्या चालीची उपमा देतात. हा झोल वाढला तर कॅराव्हॅन पुढच्या गाडीला बरोबर घेऊन उलटते. इथे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते की दोनच, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो पुढच्या गाडीच्या वजनाने, तिच्या लांबीने, आणि जोडणीचा गोळा मागच्या आसापासून किती जवळ आहे याने. कॅराव्हॅनमधलं सामान कुठे ठेवलंय याने तर फारच. जुवावर थोडा भार हवाच. तिकडचे जाणकार कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के सांगतात. आपली उलाळ गाडी आठवली ना?

जून १९७०मध्ये रेंज रोव्हर आली. ८० इंचांच्या जागी १०० इंच, पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा, चारही चाकांना डिस्क ब्रेक, ३.५ लिटरचं व्ही-एट इंजिन आणि वजन पावणेदोन टनांच्या आसपास. मुख्य म्हणजे मधला डिफरन्शियल असल्यामुळे चारही चाकं कायम जोडलेली, डांबरी रस्त्यावरसुद्धा. स्पेन किंग यांच्या या गाडीने शेतातलं यंत्र प्रवासी केलं. नवी घेणं सामान्य कॅराव्हॅनवाल्याच्या आवाक्यातलं नव्हतं. पण मोटारींच्या इतिहासात कारखान्यापेक्षा जुना बाजार जास्त समाजवादी असतो, असं आमचं मत आहे. दहा वर्षांनी तीच गाडी तिसऱ्या मालकाच्या दारात येते.

मग १९८९ची डिस्कव्हरी. अडीच लिटरचं टीडीआय डिझेल, वजन दोन टनांच्या घरात, आणि स्वतःचे ब्रेक असलेला ३५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढायची परवानगी. क्रम उलटला तो या गाड्यांनी. आता हवी तेवढी कॅराव्हॅन आधी घ्या, पुढे जुंपायला काहीतरी मिळेलच. तिकडे एक अंगठ्याचा हिशोब चालतो, की भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर नसावी, निदान नवशिक्याने तरी. १५०० किलोंसाठी गाडी १७६५ किलोंची हवी. म्हणजे वजनदार गाडीच.

आणि इथे कायद्याने मोठी गंमत केली. १ जानेवारी १९९७ नंतर ब्रिटनमध्ये परीक्षा पास झालेल्यांना ७५० किलोंच्या वरचा ट्रेलर ओढायचा तर गाडी आणि ट्रेलर मिळून ३५०० किलोंची मर्यादा आली. हे मोजायचं कमाल मान्य वजनावर. डिस्कव्हरीचंच ते २७०० किलोंच्या पुढे, मग कॅराव्हॅनला उरलं काय? तरुण चालकाला १५०० किलोंची कॅराव्हॅन हलक्या सलूनमागे जोडता येई, जड डिस्कव्हरीमागे नाही. सुरक्षित जोडी बेकायदा आणि डळमळीत जोडी कायदेशीर, वेगळी परीक्षा दिली तरच सुटका. १६ डिसेंबर २०२१ला हे बंधन उठलं. तेव्हा या मुलाला परवान्याची अडचण नाही.

अडचण आहे ती जुन्या गाडीच्या पोटात. नव्वदच्या दशकापासून हलक्या फोर-व्हील-ड्राइव्ह निघाल्या, १९९७ची फ्रीलँडर त्यातलीच. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यात घट्ट द्रव भरलेलं कपलिंग असतं. ते म्हातारं झालं किंवा चारही टायर एकसारखे झिजलेले नसले, की पुढच्या गिअरपेटीवर ताण येतो. खर्च टाळायला काही मालक तो दांडाच काढून ठेवत. गाडी चालते, पाटीवर 'फोर-व्हील' कायम, आणि विकताना कोणी बोलत नाही. अशी गाडी कॅराव्हॅन-तळाच्या ओल्या गवतावर जागच्या जागी चाकं फिरवत बसते. खरं तर बहुतेक कॅराव्हॅनवाल्यांना चार चाकांची गरज पडते ती तेवढ्या शंभर पावलांपुरतीच.

म्हणून आम्ही त्या श्रोत्यांना सांगितलं ते असं. मुलाला म्हणावं, आधी गाडीखाली आडवा हो. दांडा आहे का बघ. टोबार जिथे चासीला बसतो तिथला गंज बघ, जुन्या डिस्कव्हरीत डिकीचा तळ आणि दारांखालचे पत्रे बघ. वरून ॲल्युमिनियम चकाकत असतं, आतलं पोलाद गेलेलं असतं. टोबार दिसला याचा आनंद मानू नकोस, त्या गाडीने आधी काय ओढलं ते विचार. घोड्यांचा ट्रेलर, बोट, की भरलेला मातीचा ट्रेलर? मॅन्युअल असेल तर चढावर थांबवून पुन्हा उचलून बघ, क्लच लगेच बोलतो. ऑटोमॅटिक असेल तर तेलाचा रंग आणि वास बघ, जळकट असेल तर निघून ये. चासी नंबरच्या पट्टीवर वजनांचे आकडे असतात. पहिला गाडीचा, दुसरा गाडी आणि ट्रेलर मिळून. दुसऱ्यातून पहिला वजा केला की पूर्ण भरलेल्या गाडीमागे किती ओढता येईल ते निघतं. दुसरा आकडाच नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी नाही. आणि तिथल्या वार्षिक तपासणीचा इतिहास गाडीच्या नंबरावरून फुकट बघता येतो, मैलांच्या नोंदीसकट. विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा तो जास्त खरा.

गृहस्थांनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कोणती घ्यायची ते तुम्ही सांगितलंच नाही." बरोबर आहे. पावणेदोन टनांच्या वरची, चासी शाबूत असलेली, मग नाव कुठलंही असो. त्यांनी रात्रीच मुलाला फोन केला. मुलाने एक गाडी जवळजवळ ठरवली होती, नुसते फोटो बघून. आता शनिवारी तो जुने कपडे घालून जाणार आहे.